नसलेला तिसरा मॉनिटर

४ फेब्रुवारी, सोमवार

लेकीने वाढदिवसाला ही डायरी दिली. "बाबा, तू दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकतोस, तुझ्या तक्रारी कुठेतरी लिहीत जा," म्हणाली. माझ्या तक्रारी एवढ्याशा डायरीत मावायच्या नाहीत असं मी तिला म्हटलं होतं, पण पहिल्याच पानावर तक्रार निघाली ती माझ्याच नावाची.

आज मी बाईंना सगळ्यांदेखत हसलो.

बाई म्हणजे आमच्या केंद्रात एक्स-रेचे रिपोर्ट टाइप करतात त्या. डॉक्टर फोटो बघून रेकॉर्डरमध्ये बोलतात आणि बाई कानाला हेडफोन लावून ते टाइप करतात. टेबलाखाली पायापाशी पेडल असतं. दाबलं की आवाज पुढे जातो, सोडलं की थांबतो. डाव्या मॉनिटरवर पेशंटचा फॉर्म आणि फोटो, मधल्यावर रिपोर्ट. बाईंची नजर कायम डावीकडे. मधल्या मॉनिटरकडे त्या बघतच नाहीत, बोटं आपली चालू. एकोणतीस वर्षं हेच काम केलंय, पहिली काही वर्षं तर टाइपरायटरवर.

सकाळी चहाच्या वेळी त्या माझ्या टेबलाशी आल्या. "भाऊ, मी टाइप करते आणि अक्षरं मध्येच कुठेतरी जातात."

"कुठे जातात?"

"ते तुम्ही सांगायचं."

"खाली सांडली असतील बाई. झाडायला येतील त्यांना विचारून बघा."

सगळे हसले. बाईही हसल्या, पण कान लाल झालेले मला दिसले. दिवसभर ते लाल कान डोळ्यांपुढून जाईनात. बत्तीस कॉम्प्युटर आणि सांभाळायला मी एकटा. माणसाच्या तोंडून एखादी थट्टा निघून जाते. तरी वाईट वाटलं, म्हणून लिहिलं.

एक गोष्ट मात्र छान झाली. मागच्या आठवड्यात बाईंच्या टेबलावरचा तिसरा मॉनिटर मी माझ्याकडे आणला, त्यामुळे डोळ्यांना केवढा आराम आहे. त्यांना तीन हवेत कशाला? उजवीकडच्या त्या मॉनिटरवर माझी 'दवंडी' तेवढी सरकवून ठेवलेली असायची. केबल आणि तिच्या टोकाचा, मॉनिटर जोडायचा कन्व्हर्टर मात्र तिथेच लोंबत ठेवला. टेबलाखाली वाकायचा कंटाळा आला.

६ फेब्रुवारी, बुधवार

बाईंच्या मशीनवर गेलो. कीबोर्ड बदलला, माउस बदलला, दहा मिनिटं स्वतः बसून टाइप केलं. एक अक्षर हललं नाही.

"बाई, टाइप करण्याआधी त्या विंडोवर क्लिक करता ना? कीबोर्डचं एका वेळी एकच विंडो ऐकते. क्लिक दुसरीकडे असेल तर अक्षरं दुसरीकडे जाणार."

"क्लिक करूनच टाइप करते भाऊ. सुरू असतानाच मध्ये बंद होतं. ओळ संपवून एंटर मारला की परत येतं. आणि माउसचा तो बाणही उजवीकडे कुठेतरी निघून जातो."

"त्याला दावं बांधू या," मी म्हणालो. या वेळी आजूबाजूला कुणी नव्हतं, तरी म्हणालो. सवयच झालीय म्हणायची.

बाईंनी ड्रॉवरमधून निळी वही काढून दिली. "ठरावीक वेळाने होतंय असं वाटतं मला. मुद्दाम बघत बसले आणि कधी कधी झालं ते लिहून ठेवलं. जरा बघाल?"

बघतो म्हणालो. वही माझ्या टेबलावर आहे. नव्या मॉनिटरच्या काचेपाशी चहाचा कप ठेवायला भीती वाटते, तो वहीवर ठेवला की बरं पडतं.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

दवंडीबद्दल लिहायचं राहिलं. ती मी स्वतः बनवलेली. दर चाळीस मिनिटांनी प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर एक पिवळी विंडो येते: पासवर्ड कुणाला सांगू नका, डोळ्यांना विश्रांती द्या, पाठ ताठ ठेवा. लोक न वाचताच पुढे जायचे, म्हणून मी अशी सोय केली की ती आली की कीबोर्ड तिच्याकडेच जातो. एंटर मारून तिला घालवल्याशिवाय गत्यंतर नाही. ज्याने ती जिथे सरकवली तिथेच ती पुन्हा येते, हेही मीच घातलं. लोक मनातून शिव्या घालतात हे मला माहीत आहे. पण साहेबांनी मीटिंगमध्ये नाव काढलं होतं. साहेब म्हणजे आमचे व्यवस्थापक. ते सहसा कुणाचं नाव काढत नाहीत.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

साहेबांनी बोलावलं. नवी शाखा उघडतेय. दोन्ही शाखांच्या कॉम्प्युटर विभागाला मिळून एक प्रमुख नेमणार. "अर्ज करा. आधी तक्रारवहीत उघडं काही ठेवू नका," म्हणाले.

तक्रारवहीत एकच तक्रार उघडी होती, बाईंची. मी लिहिलं: 'तपासणी केली. यंत्रात दोष नाही. वापरकर्त्याची चूक. प्रशिक्षण आवश्यक.' आणि बंद केली.

बाईंना प्रशिक्षण! दुपारी त्या समोरून आल्या तेव्हा मी फोन कानाला लावला. फोनवर कुणीही नव्हतं.

१९ फेब्रुवारी, मंगळवार

मोठा घोळ झालाय.

बाजारापलीकडे घड्याळं दुरुस्त करणारे एक आजोबा आहेत, त्यांच्या छातीचा एक्स-रे मागच्या आठवड्यात निघाला. डॉक्टर रेकॉर्डरमध्ये बोलले होते, 'उजव्या फुफ्फुसात वरच्या बाजूला गाठ किंवा डाग दिसत नाही.' रिपोर्टमध्ये ओळ आली, 'उजव्या फुफ्फुसात वरच्या बाजूला गाठ'. पुढचं गायब, आणि त्यालाच लागून पुढची ओळ सुरू. डॉक्टरांनी सही केली. रिपोर्ट घरी गेला.

आज त्यांची मुलगी आली होती. आरडाओरडा नाही, काही नाही. टेबलाच्या कडेला हात ठेवून उभी होती. म्हणाली, "चार दिवसांत बाबांनी दुरुस्तीला आलेलं एकेक घड्याळ ज्याच्या त्याच्या घरी नेऊन दिलं. मागे कुणाचं काही राहायला नको म्हणून. काल दुसऱ्या डॉक्टरांनी फोटो बघितला तेव्हा कळलं की काहीच नाहीये."

साहेबांनी तिला पाणी दिलं. तिने ते घेतलं नाही.

२० फेब्रुवारी, बुधवार

आज मीटिंग. साहेब, डॉक्टर, बाई आणि मी. डॉक्टरांचं रेकॉर्डिंग वाजवलं, ते स्वच्छ होतं. म्हणजे चूक टाइप करताना. सही करण्याआधी रिपोर्ट वाचायचा असतो का, हे कुणी डॉक्टरांना विचारलं नाही. मीही नाही.

साहेबांनी तक्रारवही उघडली आणि माझी ओळ मोठ्याने वाचली. वापरकर्त्याची चूक. स्वतःचं अक्षर दुसऱ्याच्या आवाजात ऐकताना मला खिडकीबाहेर बघावंसं वाटलं.

बाई माझ्याकडे वळल्या. "भाऊ, वही पाहिलीत का तुम्ही?"

"पाहिली," मी म्हणालो.

मी ती उघडलीही नव्हती. तोंडातून कसं निघालं ते माझं मलाच कळलं नाही, पण निघालं, आणि परत घ्यायला वेळ होता तरी घेतलं नाही.

बाईंना तळमजल्यावर जुन्या फाइली लावायला पाठवलंय. महिनाअखेरीला साहेब पुढचं ठरवतील. त्यांची नोकरीची दोनच वर्षं राहिली आहेत. जाताना त्यांनी टेबलाखालून पेडल काढलं, त्याची वायर नीट गुंडाळली, पुसलं आणि माझ्या हातात दिलं. मी थँक यू म्हणालो. थँक यू!

२४ फेब्रुवारी, रविवार

बायकोला सगळं सांगितलं, फक्त 'पाहिली' तेवढं गाळलं. ती चपात्या लाटत होती. म्हणाली, "तू घरीपण असंच करतोस. पंखा आवाज करतो म्हणून वर्षभर सांगतेय, तर म्हणतोस तुझ्या कानात आहे."

"मी दोनदा बघितला पंखा."

"खाली उभा राहून."

राग आला. जेवण झाल्यावर मात्र स्टूल घेऊन चढलो. पंख्याच्या वरच्या वाटीचा एक स्क्रू पार निसटायला आला होता. आवळला. आवाज थांबला. लेक "बाबा, आईचे कान बरे झाले," म्हणाली आणि दोघी हसत सुटल्या. मी स्टूल जागेवर ठेवायला आत गेलो आणि जरा वेळ तिथेच थांबलो.

२६ फेब्रुवारी, मंगळवार

जसं घडलं तसं लिहितो, नाहीतर उद्या मीच त्यात फेरफार करीन.

बाईंचं मशीन नव्या माणसासाठी तयार करायचं होतं. नऊ वाजून दहा मिनिटांनी सुरू केलं. जुन्या फाइली दुसरीकडे जायला दोनेक तास लागणार होते, म्हणून तिथेच बसून प्रमुखपदाचा अर्ज टाइप करायला घेतला. मी दोन बोटांनी टाइप करतो, नजर कीबोर्डवर. 'माझ्या विभागात एकही तक्रार प्रलंबित नाही' असं टाइप केलं, एंटर मारला, मान वर केली. समोर होतं, 'माझ्या विभागात एकही तक्रार'. पुढचं नाही.

माझा हात चुकला असेल असं मला एकदाही वाटलं नाही. पहिला विचार आला तो मशीनचंच काहीतरी बिनसलंय हा. बाईंच्या वेळी पहिला विचार काय आला होता ते आठवलं.

घड्याळ बघितलं. नऊ पन्नास. मुकाट्याने टाइप करत राहिलो, या वेळी नजर वर ठेवून. साडेदहाला पुन्हा तेच. अक्षरं थांबली. विंडोची वरची पट्टी फिकट झाली. याचा अर्थ कीबोर्ड तिला सोडून दुसऱ्या विंडोकडे गेला. पण दुसरी विंडो कुठेच दिसेना. माउस उजवीकडे ओढला, तर बाण मॉनिटरच्या कडेतून बाहेर गेला आणि परत येईना. बाईंनी सांगितलं होतं अगदी तसाच.

टेबलाखाली वाकलो. माझा कन्व्हर्टर तिथेच लोंबत होता, हिरवा दिवा लागलेला. मॉनिटर मी नेला, पण कन्व्हर्टर कॉम्प्युटरला सांगत राहिला की तिसरा मॉनिटर जागेवरच आहे.

एंटरला हात लावला नाही. माझ्या टेबलावरचा मॉनिटर उचलून आणला आणि त्या केबलला जोडला. उजेड आला. भरभक्कम पिवळ्या चौकटीत माझी दवंडी उघडी होती:

'लक्ष देऊन काम करा. चुका टाळा. – संगणक विभाग'

बाईंची अक्षरं इथे येत होती. दर चाळीस मिनिटांनी दवंडी नसलेल्या मॉनिटरवर उघडायची, कीबोर्ड ओढून घ्यायची, आणि बाई ओळ संपवून एंटर मारेपर्यंतचं सगळं गिळून टाकायची. बाकीच्यांना ती समोर दिसायची, म्हणून त्यांचं काही अडलं नाही. आणि मी तपासायला बसलो होतो दहा मिनिटं.

माझ्या टेबलापाशी येऊन निळी वही काढली. वर कपाचे गोल डाग. आत बाईंचं सुबक अक्षर: ९.०५ मशीन सुरू. ९.४५. १०.२५. ११.०५. ११.४५. असे सहा दिवस. पहिल्या पानाखाली एक ओळ: 'प्रत्येक वेळी चाळीस मिनिटं. भाऊंना विचारणे.'

कुणीही वाचलं असतं तरी लक्षात आलं असतं. मला तर चाळीस हा आकडा तोंडपाठ होता, मीच घातलेला.

२७ फेब्रुवारी, बुधवार

कन्व्हर्टर काढला. बत्तीसच्या बत्तीस कॉम्प्युटरवरून दवंडी काढून टाकली. कुणी विचारलं तर 'नवीन आवृत्ती येतेय' म्हणालो. एक जण म्हणाला, "देव तुमचं भलं करो."

केंद्रात कुणालाही काहीही सांगितलेलं नाही. रात्री बायकोला तेवढं सांगितलं.

२८ फेब्रुवारी, गुरुवार

साहेबांना सांगितलं. दार लावून, उभ्या उभ्या, सगळं सांगितलं. वहीचंसुद्धा.

ते बराच वेळ पेनाचं टोपण उघडझाक करत बसले. मग म्हणाले, "आता होत नाही ना?"

"नाही."

"मग झालं तर. त्या मुलीला आपण सांगून बसलोय की जबाबदार व्यक्तीला कामावरून हलवलं. आता परत काय सांगू, चुकीच्या व्यक्तीला हलवलं? उकरून काढू नका. बाईंना मी काढत नाही, खालीच ठेवतो. दोन वर्षं काय, बघता बघता जातील. आणि तुमचा अर्ज आला नाही अजून."

बाहेर आलो तेव्हा जीव भांड्यात पडला होता. तो पडला याचीच जास्त लाज वाटतेय. वाटेत स्वतःशी बोलत होतो की मी सांगितलंय, माझ्याकडून लपवलेलं नाही, आता निर्णय वरचा आहे. घर येईपर्यंत मला ते जवळजवळ पटलंही होतं. बायकोने विचारलं, "सांगितलंस का त्यांना?" मी हो म्हणालो. तिला 'बाईंना' म्हणायचं होतं, मी 'साहेबांना' धरलं, आणि ते मला विचारतानाच कळलं होतं.

३ मार्च, रविवार

अर्ज पूर्ण केला नाही. फाडलाही नाही.

शुक्रवारी तळमजल्यावर गेलो होतो. बाई जमिनीवर फाइली मांडून बसलेल्या. प्रत्येक फाइलचा नंबर आधी मोठ्याने म्हणायच्या, मग कागदावर लिहायच्या, मग पुन्हा वाचायच्या. मी दारातूनच मागे फिरलो. खोकला आला होता, तोही दाबला.

५ मार्च, मंगळवार

आज सकाळी मेंदूच्या स्कॅनच्या खोलीबाहेरच्या बाकावर बाई बसल्या होत्या. केंद्राचा निळा झगा घालून, पायात स्वतःच्या चपला, मांडीवर पर्स. आधी ओळखूच आल्या नाहीत. त्या बाकावर मी नेहमी पेशंट बघतो.

"बाई, तुम्ही इथे?"

"हो, नंबर लावलाय." इकडे तिकडे बघून हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी बोलता बोलता शब्द जायचे. माझ्याच वयाची होती. नंतर आम्हाला कुणालाच ओळखेना. म्हटलं, वेळेत बघून घ्यावं. त्या दिवशी मी म्हणत राहिले की ओळ मी टाइप केली, मला आठवतंय. आणि कागदावर तर ती नव्हती. मग कशावर विश्वास ठेवायचा सांगा."

मी त्यांच्या शेजारी बसलो.

"बाई, ओळ तुम्ही टाइप केली होती."

मग सांगितलं. मॉनिटर, कन्व्हर्टर, दवंडी, चाळीस मिनिटं. शेवटी हेही सांगितलं की वही मी पाहिली नव्हती, खोटं बोललो होतो, आणि आज आठवडा झाला, मला सगळं माहीत आहे.

आतून नर्सने नंबर पुकारला. बाई उठल्या नाहीत. पुन्हा पुकारला. दुसऱ्या कुणालातरी आत घेतलं.

"पंधरा दिवस," बाई म्हणाल्या, "गॅस बंद केला का ते मी तीन तीनदा बघतेय. कुलूप लावून जिना उतरते आणि परत चढते. भावाला सांगून ठेवलंय, मी नंतर ओळखलं नाही तर मला कुठे ठेवायचं ते."

आवाज चढला नाही. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. मी माफी मागितली. त्यांनी ती घेतली की नाही ते कळलं नाही, त्या झग्याच्या नाड्या सोडत होत्या.

"आठवडा झाला म्हणालात?"

"हो."

"आठवड्याआधी सांगितलं असतंत, तर भावाला फोन केला नसता मी." झग्याची घडी करून त्यांनी बाकावर ठेवली. मग म्हणाल्या, "आणि हे तुम्ही मला इथे कोपऱ्यात सांगताय. हसलात तेव्हा सगळे होते."

६ मार्च, बुधवार

दवंडी शेवटची एकदा बत्तीस कॉम्प्युटरवर टाकली. अकरा वाजता, सगळे जागेवर असताना. सगळ्यांच्या हातातला कीबोर्ड निघून गेला आणि समोर पिवळी चौकट आली:

'टाइपिंग विभागातल्या बाईंच्या रिपोर्टमधला मजकूर गायब होत होता तो माझ्या या प्रोग्रॅममुळे आणि मी निष्काळजीपणे ठेवलेल्या केबलमुळे. बाईंची कोणतीही चूक नव्हती. त्यांनी मला वेळा लिहून दिल्या होत्या. मी त्या वाचल्या नाहीत आणि वाचल्या असं मीटिंगमध्ये खोटं सांगितलं. तक्रारवहीतली माझी नोंद चुकीची आहे. – संगणक विभागात मी एकटाच आहे, म्हणजे मी.'

हॉलमध्ये टाइपिंगचा आवाज एकदम थांबला. मग एकेका टेबलावरून एंटरचा टक असा आवाज येत गेला. मी माझ्या जागी बसून ते ऐकत होतो. कुणी हसलं नाही. चहा घेऊन येणाऱ्या काकांनी कप ठेवला आणि पहिल्यांदाच साखर विचारली नाही.

साहेबांनी आत बोलावून दार जोरात लावलं. काय बोलले ते लिहीत नाही, बरंचसं बरोबर होतं. मोठ्या पदाचा विषय संपला, माझी इथली नोकरी राहते की नाही ते या आठवड्यात कळेल. बाई उद्यापासून वर त्यांच्या जागेवर. डॉक्टर कोपऱ्यात उभे होते. जाता जाता म्हणाले, "मीही न वाचता सही केली होती," आणि निघून गेले.

८ मार्च, शुक्रवार

काल बाईंचं टेबल लावून दिलं. तिसरा मॉनिटर उजवीकडे जागेवर, केबल पक्की, पेडल पायापाशी. त्या मागे उभ्या राहून बघत होत्या. मी वाकून केबल ओढून दाखवली, तर म्हणाल्या, "राहू द्या, दिसतंय मला."

आज घड्याळवाल्या आजोबांना केंद्रातर्फे पत्र जायचं होतं. साहेब म्हणाले, चूक तुमची, शब्दही तुमचेच. मी डॉक्टरांचा रेकॉर्डर घेऊन जिन्यात गेलो आणि बोललो. चार वेळा पुसून पुन्हा बोललो. मग तो बाईंना नेऊन दिला. दुसऱ्या कुणाकडूनही टाइप करून घेता आलं असतं, पण त्या म्हणाल्या, "आणा इकडे, माझं काम आहे ते."

हेडफोन लावला. पेडल दाबलं. बोटं चालायला लागली, तीच जुनी लय, आणि मला इतकं हलकं वाटलं की मी उगाचच टेबलावरचा धागा उचलून खिशात टाकला.

ओळ संपली. बाईंनी पेडल सोडलं. मान डावीकडून वळवली, मधल्या मॉनिटरकडे बघितलं, आणि ओळीखालून बोट फिरवत एकेक शब्द ओठांत वाचला. 'रिपोर्टमधली ही चूक टाइप करणाऱ्या बाईंची नव्हती.' शेवटच्या शब्दाखाली बोट जरा थांबलं. मग पुन्हा पेडल.

एकोणतीस वर्षं त्यांना एकेक ओळ अशी थांबून वाचावी लागली नव्हती.

पत्र अकरा ओळींचं होतं. अकराही वेळा त्या थांबल्या, वळल्या, बोट फिरवलं. मी शेजारी उभा होतो. 'बाई, आता बघायची गरज नाही, आता काही जात नाही' हे वाक्य तोंडाशी येत होतं, पण ते माझ्या तोंडून त्यांना कसं पटावं, म्हणून मीही त्यांच्या बोटामागून ओळ वाचत राहिलो.